भट्टीचा डावा कोपरा

सोमवार, ४ फेब्रुवारी

आज बार आले. लाकडी पेटी उघडली तर प्रत्येक बार वेगळ्या कागदात गुंडाळलेला, टोकांना रबरी टोप्या. आजवर आमच्याकडे ट्रॅक्टरचे बोल्ट यायचे ते गोणीतून, ओतले की सगळीकडे खणखणाट. आज भट्टीवाला पेटीला हात लावण्याआधी हात धुऊन आला. मी त्याला असं करताना पहिल्यांदाच पाहिलं.

निकेलचा मिश्रधातू. दिसायला साधं पोलाद, पण लालभडक तापलं तरी ताकद सोडत नाही. यातल्या काही बारांच्या आम्ही प्रेसवर रिंगा घडवायच्या, काही बार तसेच ठेवायचे, आणि मग सगळ्यांना भट्टीत घालून उष्णोपचार करायचे. विमानाच्या इंजिनात जिथून ज्वाळा सुटतात, त्याच्या लगेच मागे या रिंगा बसणार. हा चाचणीचा लॉट पास झाला तर काम कायमचं आमचं. नाही झाला तर बोल्ट. आणि बोल्ट दर वर्षी कमीच होत चाललेत.

हे काम मी ओढून आणलं. जाऊबाई एवढंच म्हणाल्या, "बघ बाई, झेपणार असेल तर." मोठे भावजी गेल्यापासून कारखाना त्या चालवतात आणि भट्ट्या नि प्रयोगशाळा मी. माझा नवरा दोघींच्या मध्ये, म्हणजे वायरिंग, मोटरी आणि भांडणं दुरुस्त करायला. माझं शिक्षण धातूंचं. भट्टीच्या दारातून आत पाहिलं की मला रंगावरून पारा कळतो, पण जाऊबाईंच्या चेहऱ्यावरून काही म्हणजे काही कळत नाही.

संध्याकाळी निघताना पेटीचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. हे आनंदामुळे आहे असं नवरा म्हणतो.

बुधवार, ६ फेब्रुवारी

गिऱ्हाइकाचा इन्स्पेक्टर येऊन गेला. पन्नाशीचा असेल, उंच, थोडा वाकून चालणारा. खिशातून भिंग काढून प्रत्येक बारावरचा ठसा वाचत होता, स्वतःच्या बोटांवरचा मळसुद्धा त्याने त्याच भिंगातून पाहिला. भट्टीवाल्याने दुपारपर्यंत त्याचं नाव भिंग ठेवलं होतं.

भट्टीपाशी त्याने मला बरेच प्रश्न विचारले, आणि चांगले विचारले. मग म्हणाला, कार्यालयातले कागद बघतो. जाऊबाईंच्या खोलीत गेला तो चहा दोनदा आत गेला तरी बाहेर आला नाही. कागद एवढुसे. एवढं काय बघत होता?

घरी नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, "चहा आवडला असेल."

आमच्या कार्यालयातला चहा कुणाला आवडत नाही. म्हणूनच मला ते खटकलं.

सोमवार, ११ फेब्रुवारी

रिंगा घडवून झाल्या. हा धातू हट्टी आहे. जरा गार झाला की प्रेसखाली तडकतो, जास्त तापवला की आतले कण फुगतात. तेवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात काम. भट्टीतून चिमट्याने काढला की सगळे प्रेसकडे पळतात. एक रिंग तडकली. बाकीच्या सुंदर. हो, मी रिंगांना सुंदर म्हणते, नवरा हसतो.

आता उष्णोपचार. पहिल्या भट्टीत हजार अंशांच्या किंचित खाली तापवून आतलं सगळं विरघळवायचं, मग झटकन गार. नंतर कमी आचेवर ताटकळत ठेवायचं. त्या ताटकळण्यात धातूच्या आत अतिसूक्ष्म कण उगवतात आणि त्यांच्यामुळे त्याला बळ येतं. मला वाटतं मी स्वतः कधी कमी आचेवर राहिलेच नाही. आई म्हणायची, ही मुलगी दूध तापायच्या आत उतू जाते.

गुरुवार, १४ फेब्रुवारी

पहिल्या भट्टीतली तापवायची एक कॉइल जळाली. डाव्या बाजूला, खालची. काम नेमकं तोंडावर असताना. नवऱ्याने अर्ध्या दिवसात नवी बसवली, हात पुसत म्हणाला, "पूर्ण भट्टीचा पारा परत तपासायचा का? सगळ्या कोपऱ्यांत थर्मोकपल लावून?"

नियमाने तपासायचा. पण त्यात पूर्ण दिवस जातो, आणि भिंगाने पुढच्या आठवड्याची वेळ ठरवून दिलीय. एवढ्या कॉइलींमधली एक. मध्यावरचा थर्मोकपल पारा बरोबर दाखवतोय, मी स्वतः पाहिलं. मी म्हटलं, "लॉट झाल्यावर करू."

त्याने हत्यारं पेटीत भरली. तो कधीच वाद घालत नाही.

भिंगाचा आज जाऊबाईंना फोन होता. त्याचं काम माझ्याशी, फोन त्यांना. मी दारात गेले तर त्या म्हणाल्या, "हो हो, कळवते," आणि ठेवला.

बुधवार, २० फेब्रुवारी

लॉट भट्टीत गेला आणि बाहेर आला. दार उघडलं तेव्हा तोंडावर भाजल्यासारखी हवा आली. रिंगा केशरी, एकेक उचलून गार करायला. भट्टीवाल्याचे हात आज एकदाही चुकले नाहीत.

भिंग आज यायचा नव्हता तरी आला. म्हणाला, "जवळच काम होतं." जवळ आमच्याशिवाय फक्त पत्र्याचे डबे करणारा आणि एक बंद पडलेली गिरणी आहे. मी भट्टीपाशी घामाघूम, हा कार्यालयात. जाऊबाईंनी आज निळी साडी नेसली होती, नवी असावी. कामाच्या जागी त्या नेहमी जुन्याच नेसतात.

मला हे आवडत नाहीये. तपासणाऱ्या माणसाने तपासायच्या जागी एवढं रमू नये. माल खराब निघाला तर होकार की नकार, हे हाच माणूस ठरवणार आहे.

गार झालेल्या रिंगा मांडून पाहिल्या. डाव्या बाजूला खाली होत्या त्यांच्यावर तापून चढलेली खपली जरा वेगळी वाटली, काळपट आणि किंचित हिरवट. बाकीच्या राखाडी. पत्र्यामधून ऊन येत होतं, त्यामुळेही असेल.

गुरुवार, २१ फेब्रुवारी

ऊन नव्हतं तेव्हा पुन्हा पाहिल्या. हिरवट आहेत.

हार्डनेस घेतला. बसतो मर्यादेत.

मंगळवार, २६ फेब्रुवारी

दुसरी भट्टीही झाली. आता चाचण्या. सगळ्यांत छळणारी ती टांगायची. धातूच्या छोट्या दांडीला लाल तापवून खाली वजन लटकवायचं आणि वाट बघायची. तुटणार हे ठरलेलंच असतं, फक्त ठरलेल्या वेळेआधी तुटू नये आणि दांडीवर मुद्दाम पाडलेल्या खाचेपाशी तुटू नये. चाचणीचे तुकडे भट्टीच्या मधोमध ठेवलेले होते, नेहमीप्रमाणे.

मी तीनदा हात धुतले. खुर्चीवर बसवेना, उभं राहवेना. जाऊबाई येऊन म्हणाल्या, "तू एवढी येरझारा घालतेस ना, फरशी झिजेल. घरी जा."

"तुम्हाला काहीच वाटत नाही का, ताई?"

"वाटतं. पण मी फिरले तर इथले सगळे फिरायला लागतील."

दांडी टिकली. ठरल्या वेळेच्या बरीच पुढे गेली आणि जिथे तुटायला हवी तिथेच तुटली. प्रयोगशाळेत टाळ्या वाजल्या. भट्टीवाल्याने सगळ्यांना पेढे वाटल्यासारखा हात पुढे करून माझ्याच डब्यातली बिस्किटं वाटली.

मी पण टाळ्या वाजवल्या. मधोमधची दांडी टिकली. मधोमधची.

शुक्रवार, १ मार्च

मला आता खात्रीच झालीय.

दुपारी कार्यालयाबाहेरच्या जिन्याखाली जुने नमुने शोधत होते. वरून जाऊबाई आणि भिंग उतरत होते, मध्येच थांबले. मी दिसत नव्हते. ऐकायचं नव्हतं, पण कान काय झाकता येतात?

तो म्हणाला, "मग सांगायचं कधी?"

जाऊबाई म्हणाल्या, "हा लॉट एकदा जाऊ दे. त्याआधी कुणाला कळलं तर सगळं फिसकटेल."

तो म्हणाला, "मला लपवाछपवी जमत नाही हो. रोज आरशात बघवत नाही."

आणि त्या हसल्या. हसल्या!

म्हणजे त्यांना माहीत आहे. त्याच्या भिंगातून त्या रिंगा सुटल्या नसणारच. दोघांनी मिळून ठरवलंय, माल जाऊ द्यायचा आणि मग बघायचं. माझ्या सहीच्या सर्टिफिकेटवर. आणि मी मूर्खासारखी रात्री अंथरुणात कूस बदलतेय की रंग हिरवट का.

घरी आल्या आल्या नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकलं, बूट काढले, मोजे घडी करून ठेवले आणि म्हणाला, "तुला भट्टीच्या आतलं सगळं दिसतं. जेवणाच्या टेबलावरचं मात्र दिसत नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे वहिनीने गेल्या महिन्यात केस कापले, ते तुला दिसलं का?"

केसांचा इथे काय संबंध? मी इतकी चिडले की न जेवता उठले. परत येऊन जेवले.

रविवार, ३ मार्च

सासूबाईंशी मिठावरून भांडले. आमटीत त्यांनी दोनदा घातलं असं माझं म्हणणं. दोनदा मीच घातलं होतं, नंतर आठवलं. सांगितलं नाही.

मंगळवार, ५ मार्च

भिंग आता येणार नाही. त्याच्या कंपनीचा निरोप आला, या लॉटचं काम दुसऱ्या कुणाकडे दिलंय. "त्यांच्याच विनंतीवरून" असं फोनवरचा माणूस म्हणाला.

पळाला. ज्याला माहीत असतं तो आधी पळतो. जाऊबाईंना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या आणि खिडकीकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "रागावल्यासारखे वाटले का फोनवर?"

"त्यांचा फोन नव्हताच."

"असं होय," म्हणाल्या.

आता पेच असा, की सांगावं तर कुणाला? मला तरी नक्की काय माहीत आहे? एक रंग. एवढ्यावरून कुणी लॉट थांबवत नाही. ज्यांनी थांबवायचा ते दोघे गप्प, मग मीच का बोलू? मी तर साधी भट्टी सांभाळणारी.

हे लिहिलं आणि खोडावंसं वाटलं. खोडलं नाही.

शुक्रवार, ८ मार्च

नवी इन्स्पेक्टर बाई आली. सर्दीने बेजार. एका हातात रुमाल, दुसऱ्या हातात पेन. कागद तिने ओळ न् ओळ वाचले, मोजमापं घेतली, चाचणीचे आकडे जुळवले. रिंगा पाहिल्या, पण नाक चोंदलेल्या माणसाला सगळंच सारखं दिसत असावं. संध्याकाळच्या आत शिक्का मारला. "स्वच्छ काम आहे," म्हणाली. तिची काही चूक नाही, तिला जे दाखवलं ते सगळं खरंच होतं.

पास. सगळे भट्टीवाल्याला खांद्यावर घ्यायला निघाले, तो जाड असल्याने बेत रद्द झाला. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तुझ्यामुळे झालं." 

मला तो हात झटकावासा वाटला. काय थंडपणा हा. सगळं माहीत असून.

उद्या दुपारी ट्रक.

शनिवार, ९ मार्च

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी जाऊबाई खिळे ठोकलेल्या पेट्यांवर स्वतः आकडे रंगवत होत्या. पत्र्याचा छाप धरून काळा रंग. मी समोर जाऊन उभी राहिले.

"ताई, या लॉटमध्ये काय आहे ते तुम्हा दोघांना माहीत होतं ना?"

"कुठल्या दोघांना?"

"तुम्हाला आणि भिंगाला. जिन्यावर बोलत होतात ते मी ऐकलंय. लॉट जाऊ दे, मग सांगू. त्याआधी कळलं तर फिसकटेल."

त्यांच्या हातातला ब्रश डब्यात पडला. त्या पेटीवर बसल्या, ओल्या रंगावरच. कानाच्या पाळ्या लाल झालेल्या मी पाहिल्या, आणि मला वाटलं, पकडलं.

"ते लॉटबद्दल नव्हतं," त्या म्हणाल्या.

"मग कशाबद्दल?"

"लग्नाबद्दल."

"कुणाच्या?" मी विचारलं. खरंच विचारलं.

"माझ्या." साडीला लागलेला रंग त्या बोटाने पुसत होत्या, तो आणखीच पसरत होता. "या वयात. हस हवं तर. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. त्यांनी विचारलं, मी म्हटलं, लॉट जाऊ दे. नाहीतर लोक म्हणतील, बाईने इन्स्पेक्टर गटवला आणि माल पास करून घेतला. हे त्यांना इतकं लागलं की साहेबांकडे जाऊन सरळ सांगून टाकलं, मला या कामावरून काढा, तिथे माझं मन गुंतलंय. तोंडावर बोलले असं. हे कळवायला एक चिठ्ठी आली, तेव्हापासून मला फोन नाही त्यांचा. निकाल लागेपर्यंत करायचा नाही, असं ठरवलंय त्यांनीच."

मी त्यांच्याकडे नीट पाहिलं. केस खरंच कापलेले होते, खांद्यापर्यंत.

मग त्यांनी मान वर केली. "पण तू आत्ता म्हणालीस, या लॉटमध्ये काय आहे ते. काय आहे या लॉटमध्ये?"

पंखा फिरत होता. मी सांगितलं. कॉइल, न तपासलेला पारा, डावा कोपरा, हिरवट खपली. नवी कॉइल जुन्यांपेक्षा जास्त वीज ओढते, तेवढाच कोपरा जास्त तापला असेल. जास्त तापला तर आतले कण मोठे होतात. मोठ्या कणांच्या रिंगेत भेग लवकर पडते. आज नाही, उद्या नाही, बरीच उड्डाणं झाल्यावर. वर असताना.

"कधीपासून माहीत आहे तुला?"

"माहीत नाही, ताई. संशय आहे."

"संशय कधीपासून आहे?"

"भट्टी उघडली त्या दिवसापासून."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. "आणि एवढे दिवस तो तू माझ्या माथी मारून हिंडत होतीस," एवढंच म्हणाल्या.

मी खाली मान घालून उभी. त्या उठल्या, कोपऱ्यातली पहार आणली आणि जी पेटी त्यांनी सकाळी ठोकली होती तिच्या फळीखाली घातली. "डाव्या कोपऱ्यातली कुठली ते दाखव. आणि सही कर कुठेतरी, मी कापायला सांगितलंय म्हणून. पास झालेला माल कापतोय आपण."

कापायचं चाक किंचाळत होतं, पाणी उडत होतं, सगळे काम सोडून जमले. कुणी विचारलं नाही. तुकडा घासला, चकचकीत केला, आम्लात बुडवला. शेजारी मधोमधचा तुकडा. सूक्ष्मदर्शकाखाली मधला बारीक मिठासारखा, कोपऱ्यातला खडे मिठासारखा.

जाऊबाईंनीही डोळा लावून पाहिलं. "मला यातलं ओ की ठो कळत नाही," म्हणाल्या, "पण हे दोन वेगळे आहेत एवढं मलाही दिसतंय."

माझ्या नवऱ्याने पाहिलं नाही. तो भट्टीपाशी जाऊन नव्या कॉइलीसमोर उकिडवा बसला होता. मी जवळ गेले. त्याला म्हणता आलं असतं, मी विचारलं होतं तुला. तो सरकला आणि मला बसायला जागा केली.

ट्रकवाला आला, चहा प्यायला, रिकामा गेला.

सोमवार, ११ मार्च

फोन मी करणार होते. जाऊबाईंनी आधी स्वतः लावला, मग माझ्या हातात दिला.

पलीकडे गिऱ्हाइकाचे मुख्य साहेब. "लॉट आमच्या माणसाने पास केलाय आणि तुम्ही म्हणताय तो नापास आहे?"

"हो."

"कारण?"

"कॉइल बदलल्यावर भट्टी पुन्हा तपासायला हवी होती. तपासली नाही. तो निर्णय माझा होता."

पलीकडे कुणीतरी ते टाइप करून घेतलं. मग ते म्हणाले, सगळा लॉट बाद. बार, रिंगा, सगळं. पुढचं कळवू. "कळवू" असं म्हणणारी माणसं कळवत नाहीत, हे मला माहीत आहे.

फोन ठेवल्यावर भूक लागली. कित्येक दिवसांत लागली नव्हती.

शुक्रवार, २९ मार्च

कळवलेलं नाही.

भट्टी पूर्ण तपासली. सगळ्या कोपऱ्यांत थर्मोकपल. डावा खालचा कोपरा चांगलाच वर होता. नवऱ्याने त्या बाजूच्या सगळ्याच कॉइली बदलल्या, आता सारख्या आहेत. पण भट्टीत घालायला बोल्टच आहेत, आणि बोल्टांना त्याचं काही कौतुक नाही. भट्टीवाला दुसरीकडे विचारणा करतोय असं ऐकलं. मी त्याला विचारलं नाही, त्याने डोळे चुकवले. रोज सकाळी फोन वाजला की मी धावते, आणि रोज पत्र्याचे डबेवाला असतो, त्याला आमची शिडी हवी असते.

काल जाऊबाईंनी घरी सांगितलं. जेवताना. भिंगसाहेबांनी निकाल ऐकून दुसऱ्याच दिवशी फोन केला होता म्हणे. लॉट बाद झाल्याबद्दल एक अक्षर नाही, नुसतं म्हणाले, "आता तरी विचारू का पुन्हा?"

सासूबाईंचा घास हातातच राहिला. गेलेला मुलगा त्यांचा. मी पाण्याचा पेला घट्ट धरून बसले.

घास ताटात ठेवून सासूबाईंनी विचारलं, "माणूस जेवायला कसा आहे?"

"म्हणजे?" जाऊबाई म्हणाल्या.

"नावं ठेवतो, का गप जेवतो?"

"गप जेवतात."

"मग बरंय. माझा नावं ठेवायचा," सासूबाई म्हणाल्या. ताट अर्धवट ठेवून उठल्या, खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. आज दिवसभर कुणाशी बोललेल्या नाहीत.

शनिवार, १३ एप्रिल

नोंदणी कार्यालयात लग्न झालं. लाकडी बाक, भिंतीला टेकून कागदांचे गठ्ठे, आणि आमच्या आधी एक जोडपं जे रांगेतच भांडत होतं.

सासूबाई येणार नव्हत्या. निघताना चपला घालून दारात उभ्या. "रिक्षात जागा आहे का?" एवढंच.

साक्षीदार म्हणून मी सही केली, नवऱ्याने केली. तिसरी राहिली. भिंगसाहेबांचा मित्र कुठेतरी अडकला होता. सासूबाई पुढे झाल्या. कारकुनाने विचारलं, "तुम्ही वराच्या कोण?"

"वराची कुणी नाही. हिची सासू."

"म्हणजे वराची आई?"

"नाही हो. आधीची सासू."

कारकून गोंधळला. "असं कुठे लिहायचं? इथे आई, बहीण, मैत्रीण..."

"मग आई लिहा," सासूबाई म्हणाल्या आणि पेन मागितलं.

भिंगसाहेबांनी भिंग काढलं. मला वाटलं कागद तपासतायत. डोळे पुसायला रुमाल शोधत होते, हाती भिंग आलं. जाऊबाईंनी स्वतःचा रुमाल दिला.

बाहेर आल्यावर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "सोमवारपासून कार्यालयात माझ्या खोलीत तू बस."

"मला माणसांचं काही कळत नाही, ताई. तुम्ही बघितलंत ना."

"बघितलं," त्या म्हणाल्या. "विचारत जा. कळत नसलं की विचारायचं. मनात शिजवत बसायचं नाही."

त्यांचं नवं बिऱ्हाड गाडीने अर्ध्या दिवसाच्या अंतरावर. गाडी वळेपर्यंत सासूबाई हात वर करून उभ्या होत्या, हलवत नव्हत्या, नुसता वर.

गुरुवार, १८ एप्रिल

कळवलं. फोन होता, मी धावले नाही, म्हणून शेवटच्या घंटीला उचलला. नवे बार पाठवतायत, पहिल्यापेक्षा कमी. अटी भरपूर. भट्टीपाशी त्यांचं माणूस पूर्ण वेळ उभं राहणार, आणि कुठली रिंग कापायची ते तेच सांगणार, आम्ही नाही. मुख्य साहेब शेवटी म्हणाले, "तुमचा मागचा फोन आमच्याकडे बऱ्याच जणांना आवडला नाही. मला आवडला."

भट्टीवाल्याला सरळ विचारलं, "जाताय की राहताय?" तो म्हणाला, "विचारलंत म्हणून सांगतो, जाणार होतो." मग हात धुवायला गेला.

मंगळवार, ७ मे

निकाल आला. इन्स्पेक्टर बाईने, यावेळी सर्दी नसलेल्या, चारही कोपऱ्यांतून एकेक रिंग उचलून कापायला लावली. चारींचे कण बारीक. टांगलेल्या दांड्या टिकल्या. काम आमचं झालं, सध्या वर्षभरासाठी, पुढचं पुढे. टाळ्या कमी वाजल्या यावेळी, सगळे दमले होते.

जाऊबाईंना फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज.

"लवकर सांग, गॅसवर काहीतरी आहे."

"पास झाला, ताई."

मग गॅस बंद केल्याचा टक् आवाज आला.

"हे ऐकायला हवे होते," त्या म्हणाल्या. आवाज वेगळाच होता.

"बोलवा ना त्यांना, मी त्यांनाही सांगते."

"ते नव्हे गं," त्या म्हणाल्या. "तुझे भावजी."

पलीकडून भिंगसाहेबांचा आवाज आला, काय झालं, कोण आहे. जाऊबाई त्यांना म्हणाल्या, "आमचा लॉट पास झाला." आणि मग रडू लागल्या. ते काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही. खुर्ची सरकवल्याचा आवाज आला, अगदी फोनजवळ.

मी फोन कानालाच धरून ठेवला. ठेवावा की नाही ते कळेना. विचारायलाही कुणी नव्हतं. मग तसाच धरून ठेवला, त्यांनी ठेवेपर्यंत.